बूच लावण्याआधी



लावणी उरकली, दोन दिवस पावसाने उघडीप दिली, म्हणून लिहायला बसलोय. आजची नोंद भाताची नाही, बाटल्यांची आहे. दोन वर्षं मनात होती, लाज वाटायची म्हणून लिहिली नव्हती. पण यंदाही दोघातिघांनी फोन करून विचारलं, "दादा, जांभळाचा रस बाटलीत कसा भरायचा?" आता लिहितोच, म्हणजे माझी चूक दुसऱ्या कोणाकडून व्हायला नको.

आमच्याकडे परसात आणि बांधावर मिळून सात जांभळाची झाडं आहेत. जांभळाचं तुम्हाला माहीतच आहे. आज पिकलं की परवा सडलं. एका पावसात निम्मा माल मातीत. पेणच्या बाजारात सगळ्यांची जांभळं एकदमच येतात आणि भाव बसतो. पण हमरापूरला एक सोय आहे. जून-जुलैत गणपती ठरवायला मुंबई, पनवेल, ठाण्याकडची गिऱ्हाइकं गावात येतात. कारखान्यांतून फिरून दमतात, पडवीत टेकतात आणि काहीतरी थंड मागतात. आम्ही आधी कोकमाचा आणि जांभळाचा घट्ट पाक करून ठेवायचो. मग गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "साखर फार आहे हो. कमी साखरेचं, तयार प्यायचं नाही का?"

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, एवढंच डोक्यात. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये साखर कमी करून, पाणी घालून तयार सरबत केलं. रस तापवला, पण थर्मामीटर नव्हता. बोट बुडवून "बास, तापलं" असं ठरवलं. बाटल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या, बिअरच्या जुन्या. धुतल्या, उन्हात वाळवल्या. रस कोमट झाल्यावर भरला, कारण गरम भरला तर काच तडकेल अशी भीती. हाताने दाबायच्या मशीनने पत्र्याची बुचं लावली. एकूण 64 बाटल्या झाल्या. पडवीच्या कोपऱ्यात क्रेटमध्ये रचून ठेवल्या आणि फोटो काढून याच पानावर टाकला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तेव्हा कौतुकही केलं होतं.

शेजाऱ्याचा गणपतीचा कारखाना आहे. सीझनला जागा पुरत नाही, म्हणून रंगवलेल्या मूर्ती वाळायला तो आमच्या पडवीत फळ्यांवर मांडतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्याची नात तेव्हा नववीत. शाळेतून आली की पडवीत बसून मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी रंग लावायची. तिचा पाट क्रेटपासून चार हातांवर.

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि बार झाला. शेजारी ओरडत आला, "अरे दादूस, फटाका फुटला का काय?" पडवीत गेलो तर एक बाटली फुटलेली आणि तिच्या तुकड्यांनी शेजारच्या दोन. आठ-दहा मूर्तींच्या पितांबरावर जांभळे शिंतोडे. मूर्तीचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. फळीत काचेचा एक तुकडा रुतून बसला होता, बोटभर लांब. त्याच्या समोर तो पाट. मुलगी पाच मिनिटांपूर्वी आईने हाक मारली म्हणून जेवायला उठली होती.

शेजारी काही बोलला नाही. मूर्ती उचलल्या आणि आपल्या घरात नेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. त्यातली कुठली कधी फुटेल सांगता येत नव्हतं. पडवी रिकामी केली, बाटल्यांवर भिजवलेली पोती टाकली आणि पहाटेपर्यंत थांबलो, कारण गारव्यात दाब उतरतो. मग डोक्याला मोटरसायकलचं हेल्मेट, हातात जाड मोजे, अंगावर दोन शर्ट. पोत्याखालीच एकेक बूच किंचित उचलून गॅस सोडला. काही बाटल्यांचा फेस पत्र्याला लागला. सगळं खड्ड्यात ओतलं. वास सरळ दारूचा. बायको म्हणाली, "सरबत करायला निघालात आणि हे काय करून ठेवलंत?"

आंबलं हे कळलं. पण का आंबलं, एवढा जोर कुठून आला, हे नीट कळलं ते पुढच्या एप्रिलमध्ये, तेही इंग्लंडात.

पुतण्या नोकरीनिमित्त ब्रिस्टलजवळ राहतो. वाल काढून झाले होते, त्याने तिकीट पाठवलं, तीन आठवडे गेलो. तो सगळा मुलूख सफरचंदाचा. जवळच लाँग ॲश्टन नावाचं गाव आहे. तिथे 1903 साली फळं आणि सायडर यांवर संशोधन करणारी संस्था निघाली होती, ती 2003 पर्यंत चालली. सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू. तिच्यासाठी खास संस्था, याचं मला नवल वाटलं. पण त्याच संस्थेत 1930च्या दशकात काळ्या मनुकेसारख्या दिसणाऱ्या ब्लॅककरंट फळाच्या रसाचं सिरप तयार झालं, आणि दारू नसलेलं ते सिरप 1938 पासून रिबेना नावाने आजतागायत विकलं जातंय. त्याचा रंग अगदी आपल्या जांभळाचा.

तिथे घरी पिण्यापुरती बिअर किंवा सायडर करायला 1963 पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. पुतण्याला तो नाद लागलेला. गॅरेजमध्ये एका बॅरलमध्ये ऑक्टोबरात गाळलेल्या सफरचंदाचा रस सहा महिने आंबत होता, दुसरीत तीन आठवड्यांची बिअर. मी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "काका, उद्या बाटल्या भरायच्यात. हात लावाल ना?"

मी म्हटलं, "बाटल्यांचं नाव काढू नको." आणि सगळी हकिगत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "माझंही पहिल्यांदा वाईटच झालं होतं. चला, दाखवतो."

आधी बाटल्या. साबणाने धुतलेल्या, आत टॉर्च मारून बघितलेल्या, मग निर्जंतुक करायच्या पाण्यातून काढून उपड्या टांगलेल्या. तडा किंवा ओठाला टवका असलेली बाटली सरळ बाद. हे माझ्याही लक्षात आलं असतं. पुढचं मात्र आलं नसतं.

त्याने एका उंच नळीत थोडी बिअर घेतली आणि त्यात हायड्रोमीटर सोडला. काचेची ती कांडी साखर जास्त असेल तर वर तरंगते, साखर संपत गेली की खाली बसते. साध्या पाण्यात 1.000 दाखवते. बिअरचा आकडा 1.011. त्याने वही उघडून दाखवली: दोन दिवसांपूर्वी 1.011, काल 1.011, आज 1.011. म्हणजे यीस्टला खाण्यासारखं काही उरलं नाही, आंबणं थांबलं. बॅरलमधून बुडबुडे येत नाहीत म्हणून थांबलं असं धरायचं नाही. थंडीनेही बुडबुडे थांबतात, आणि ऊब मिळाली की यीस्ट पुन्हा उठतं.

मग सायडर मोजलं तर 1.000. मी विचारलं, "याचा आकडा वेगळा का?" त्याने सांगितलं ते शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. बिअर सातूच्या माल्टची. त्यातल्या काही शर्करा यीस्टला पचतच नाहीत, त्या शेवटपर्यंत राहतात, म्हणून 1.010-1.012 ला बिअर संपलेली असू शकते. फळाच्या रसातली साखर मात्र यीस्ट जवळजवळ सगळी खातं. फळाचा रस 1.010 वर दिसला तर तो संपलेला नाही, अर्ध्या वाटेत आहे. त्यात लिटरला अजून पंचवीसेक ग्रॅम साखर शिल्लक आहे. तसाच बंद केला तर बाटली बॉम्ब.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे ऊस किंवा द्राक्षाचा रिफ्रॅक्टोमीटर आहे त्यांच्यासाठी एक इशारा. रस आंबायला लागला की त्यातल्या अल्कोहोलमुळे रिफ्रॅक्टोमीटर चुकीचं ब्रिक्स दाखवतो. ताज्या रसाला तो चालतो, आंबलेल्याला हायड्रोमीटरच.

आता खरी गंमत. आंबून संपलेल्या त्या पेयात फेस नसतो. गोटी सोड्यात गॅस मशीनने भरतात. घरी मशीन नाही, म्हणून बाटली बंद करण्याआधी थोडीशी साखर पुन्हा घालतात. पेयात जिवंत यीस्ट असतंच. ते बंद बाटलीत ती साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि गॅसला बाहेर जायला वाट नसल्याने तो पेयात विरघळतो. याला ते बाटलीत मुरवणं म्हणतात. युक्ती जुनी आहे. वाइन फेसाळण्यासाठी पिंपात साखर आणि काकवी घालतात, असं ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज डॉक्टरने 1662 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. दगडी कोळशाच्या भट्टीतली जाड काच इंग्लंडात तेव्हा निघाली होती, म्हणून हे शक्य झालं.

पण "थोडीशी" म्हणजे किती? मी मूठ दाखवली. पुतण्याने वजनकाटा काढला.

हिशोब असा. लिटरला 4 ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण 2 ग्रॅम गॅस होतो, म्हणजे एका लिटरमध्ये एक लिटर गॅस. बिअरमध्ये आंबतानाचा थोडा गॅस आधीच असतो. म्हणून तो लिटरला 6 ग्रॅम घालतो. 20 लिटरला 120 ग्रॅम. साखर थोड्या पाण्यात उकळायची, गार करायची, रिकाम्या भांड्याच्या तळाशी ओतायची आणि त्यावर नळीने बिअर ओढून घ्यायची. बॅरलचा तळाचा साका मागेच ठेवायचा. नळीचं तोंड बिअरमध्ये बुडालेलं हवं, धबधबा नको. हवा मिसळली की चव जुनाट होते. पहिल्या वेळी त्याने प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकली होती. काही बाटल्या पाण्यासारख्या सपक आणि काहींचं कारंजं थेट छताला. एकदम मिसळली की सगळ्या बाटल्यांना सारखा वाटा.

बाटली वरून दोन बोटं रिकामी ठेवायची, बूच दाबायचं, 18 ते 20 अंशांत दोन आठवडे ठेवायचं, मग गार जागी हलवायचं. एवढ्या साखरेने बाटलीत जवळपास गाडीच्या टायरइतका दाब होतो. चांगली बाटली तो सोसते. ऊन लागलं की तीच बाटली त्याहून पुष्कळ जास्त जोर सोसत असते.

आणि शेवटी त्याने एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली भरली. मी म्हटलं, "ही कशाला?" म्हणाला, "ही पहारेकरी. रोज दाबून बघायची. कडक झाली म्हणजे काचेच्या बाटल्यांतही गॅस तयार झाला. चारच दिवसांत दगडासारखी झाली तर समजायचं, काहीतरी जास्त चाललंय." मला हे फार आवडलं.

रात्री कागद घेऊन बसलो आणि माझ्या सरबताचा हिशोब केला. माझ्या बाटलीत लिटरला शंभरेक ग्रॅम साखर होती. पुतण्या तोलून 6 ग्रॅम घालतो. मी शंभर ग्रॅम खाद्य, धड न तापवलेला रस, जुन्या बाटलीतलं यीस्ट आणि घट्ट बूच, हे सगळं पडवीत 33 अंशांत ठेवलं होतं. 64 पैकी एकच आपणहून फुटली, ही देवाची कृपा. सगळं खाऊन होईपर्यंत काच थांबलीच नसती.

आमचे आजोबा माडीच्या बाटलीला कधी बूच लावू देत नसत. पाल्याचा बोळा कोंबायचे. मला वाटायचं गरिबी. ते शहाणपण होतं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उलगडली. जुन्या पाकात साखर खूप होती तरी तो आंबत नव्हता आणि नवं सरबत कमी साखरेचं असून फुटलं. कारण साखर 65 टक्क्यांच्या पुढे गेली की सामान्य यीस्टला त्यात पाणीच मिळत नाही, जगताच येत नाही. तिथे साखर राखणदार असते. पाणी घालून तीच 10 टक्क्यांवर आणली की ती खाद्य होते. गिऱ्हाइकासाठी साखर कमी करताना मी राखणदार काढून टाकला आणि त्याच्या जागी कोणालाच बसवलं नाही.

इथे स्पष्ट लिहितो. आपल्या राज्यात दारूबंदीचा 1949चा कायदा आहे. घरी पिण्यापुरतीसुद्धा बिअर, सायडर किंवा फळाची दारू विनापरवाना करता येत नाही. मी करत नाही, आणि करा असं सांगत नाही. ज्यांना त्या धंद्यात उतरायचंय त्यांनी रीतसर परवाना घ्यावा. बोर्डीला चिकूपासून हिल झिल वाइन्स आणि पुण्याकडे मधापासून मूनशाइन मीडरी असे उद्योग आपल्याच राज्यात उभे राहिलेत. आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. ते लोक बाटलीत मुद्दाम यीस्ट जिवंत ठेवून त्याला मोजून साखर देतात. आपल्याला सरबतात यीस्ट एकही जिवंत ठेवायचं नाही. शास्त्र एकच, फक्त उलटं वापरायचं.

यंदा केलं ते असं.

बाटल्या नव्या घेतल्या. महाग पडल्या. बुचंही नवी. थर्मामीटर आणला. जांभळाचा रस आंबट असल्याने त्याला उकळत्या पाण्याच्या आतली उष्णता पुरते. रस 85 अंशांवर असताना, आधी गरम करून ठेवलेल्या बाटलीत भरला. बाटली गरम असली की काच तडकत नाही, माझी जुनी भीती फुकटची होती. बूच लावून बाटल्या त्याच तापमानाच्या पाण्यात 20 मिनिटं, तळाशी गोणपाट घालून. मग हळूहळू गार केल्या. थंड पाण्यात एकदम नाही.

घट्ट सरबत वेगळं केलं, त्यात सोडियम बेंझोएट शिफारशीइतकंच, आणि लेबलवर तसं लिहिलं. जांभूळ-कोकमाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, रंग उडतो. अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घेतली.

पहारेकरी बाटली इथे जशीच्या तशी चालली नाही. 85 अंशांचा रस ओतल्यावर प्लॅस्टिकची बाटली वाळलेल्या कारल्यासारखी आक्रसली. मग दुसरा उपाय काढला. प्रत्येक घाण्याच्या चार बाटल्या झाकणाच्या पिंपात, पोत्यात गुंडाळून, जुन्या गोठ्यात पंधरा दिवस ठेवायच्या. गोठा गरम असतो, आंबायचं असेल तर तिथेच आधी आंबेल. तोवर त्या घाण्याची एकही बाटली बाहेर द्यायची नाही. पंधरा दिवसांनी बूच उघडताना कान द्यायचा. गरम भरून बंद केलेली बाटली गार झाल्यावर आत थोडी पोकळी धरते, ती उघडताना हवा आत ओढते. बाहेर "फुस्स" झालं तर आख्खा घाणा बाद.

पाच घाणे केले. तिसऱ्याच्या एका बाटलीने फुस्स केलं. त्या दिवशी मध्येच गॅस सिलिंडर संपला होता आणि शेवटच्या बाटल्या भरताना मी थर्मामीटर बघितलाच नव्हता. वहीत त्या ओळीपुढे आकडा नाही. 31 बाटल्या खड्ड्यात ओतल्या. बायको म्हणाली, "बाकीच्या चांगल्या असतील की." असतीलही. पण कुठल्या, ते मला सांगता येत नव्हतं.

शेजाऱ्याच्या मूर्ती दोन वर्षं पडवीत आल्या नव्हत्या. यंदा जूनच्या शेवटी तो आला, बाटल्या कुठे ठेवल्यात ते स्वतः गोठ्यात जाऊन बघितलं, पिंपाचं झाकण उघडून परत लावलं. दुसऱ्या दिवशी फळ्या आल्या. नात आता कॉलेजला जाते, सुट्टीत आखणी करते, मूर्तीचे डोळे काढते. पाट त्याच जागी मांडते. क्रेटची जागा मात्र आता कायमची मोकळी आहे. तिथे मी काही ठेवत नाही, छत्रीसुद्धा.

कोणाला घाणा करताना तापमान, वेळ, बुचं यांबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा, वहीतले आकडे देईन. रोह्याला किल्ल्याच्या कृषी विज्ञान केंद्रात आणि दापोलीच्या विद्यापीठात फळप्रक्रियेची माणसं आहेत. मी आधी तिथे जायला हवं होतं, तुम्ही आधी जा. आणि कोणाच्या घरी आत्ता कमी साखरेच्या, अंदाजाने भरलेल्या बाटल्या असतील, तर हे वाचून झाल्यावर लगेच त्या मुलांच्या वाटेवरून हलवा. हलवताना वर ओलं पोतं टाका.